डोंगरावरचा विहार आणि खालचं गाव

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला लेण्याच्या सहलीविषयी दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आमचं दहा मिनिटांत आवरत नाही हे समितीला ठाऊक आहे. तरीही सांगितलं, तेव्हा जबाबदारी समितीची. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर, तीन पाळ्यांत आयुष्य गेलं. शाळा दहावीच्या अलीकडंच सुटली. पुढचं शिक्षण बाबासाहेबांच्या ग्रंथांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालं, तेही रात्रपाळी उतरल्यावर, डोळे चोळत.

सुरुवात जरा लांबून करू. आपल्याच वस्तीतला एक मुलगा मागं कंपनीच्या कामानं जपानला जाऊन आला. परतल्यावर त्यानं इथंच, विहारात, मोबाइलवरचे फोटो सगळ्यांना दाखवले. त्यात एक फोटो हिरोशिमा शहराचा होता. पण तो शहरात उभं राहून काढलेला नव्हता. तिथल्या रेल्वे स्टेशनच्या मागं फुताबा नावाचा एक डोंगर आहे. त्यावर स्तूप आहे. स्तूपाजवळ उभं राहून त्यानं खालचं शहर टिपलं होतं. घरं, नदीचे फाटे, पूल, आणि लांब समुद्र. फोटो या हातातून त्या हातात फिरला. महिला मंडळातल्या एका आजींनी तो डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, "एवढ्या वर कशाला बांधलंय रं लेकरा? म्हाताऱ्या माणसानं जायाचं कसं?"

पोरं हसली. आमच्या मात्र तो प्रश्न डोक्यात बसला. खरंच, एवढ्या वर कशाला?

हिरोशिमात काय झालं ते शाळेतल्या लेकरालाही माहीत आहे. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. गिरणीच्या हिशेबानं सांगायचं तर पहिल्या पाळीची माणसं मशीनवर उभी राहिलेली असतात ती वेळ. ओटा नदी तिथं अनेक फाट्यांनी समुद्राला मिळते आणि त्या सपाटीवर शहर वसलेलं आहे. एका बॉम्बनं ते संपवलं. शहराच्या मधोमध स्मारकं झालीच. पण निप्पोनझान म्योहोजी नावाच्या संघाच्या भिक्खूंनी डोंगर निवडला, आणि तिथं १९६६ साली स्तूप उभा राहिला. त्या डोंगरावर गेलेला माणूस स्तूपाला वंदन करून वळतो, तेव्हा समोर ते शहर असतं. जळालेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं.

या संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजीई. त्यांचा जन्म १८८५ चा, निधन १९८५ चं. १९३१ मध्ये ते भारतात आले, १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजींचे आणि आपले मतभेद जगजाहीर आहेत, ते आज काढायचं कारण नाही. महायुद्धानंतर फुजीई गुरुजींनी शांतिस्तूप बांधायला घेतले. पहिला १९५४ साली कुमामोतो शहरात, हानाओका डोंगरावर. तोही शहराच्या डोक्यावरच. आपल्याकडं राजगीरला रत्नागिरी टेकडीवर १९६९ साली झाला. राजगीरच्या यात्रेला गेलेली आपली मंडळी लोखंडी दोरावरच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, वर गेली ती हीच टेकडी.

मुंबईत वरळीला जपानी बुद्ध मंदिर आहे, तेही याच संघाचं. आमचे काही नातलग गिरणीच्या नोकरीमुळं वरळीच्या बीडीडी चाळीत राहिले. त्यांच्याकडं गेलं की आम्ही त्या मंदिरात जाऊन बसायचो. भिक्खू वाद्यावर ठेका धरून एकच मंत्र म्हणत राहायचे. 'निप्पोनझान' मधल्या 'झान'चा अर्थ डोंगर, हे पुढं वाचनात आलं. जपानमध्ये विहाराच्या नावाला डोंगराचं नाव जोडायची जुनी रीत आहे. ती चीनमधून तिकडं गेली. विहार भर बाजारात, सपाट जमिनीवर असला तरी नावात डोंगर असतोच. आपल्या विहाराला असं नाव द्यायचं झालं तर काय द्यावं याचा विचार समितीनं करायला हरकत नाही, फक्त त्यावर ठराव आणि उपसमिती नको.

ज्या डोंगराचा मान सगळ्यांत मोठा, तो मात्र जपानमध्ये नाही. तो आपला गृध्रकूट. खाली राजगृह, म्हणजे मगधाची राजधानी, आणि वर गृध्रकूट. भगवान बुद्ध तिथं राहिले, तिथं त्यांनी उपदेश केला. हे जपानी भिक्खू ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्राला सर्वांत जास्त मानतात, त्यातला सगळा प्रसंग गृध्रकूटावरच घडतो. म्हणजे शहराच्या वर डोंगर आणि डोंगरावर धम्म ही कल्पना इथून निघाली, चीन-जपानपर्यंत गेली, आणि मोबाइलमधून आपल्या वस्तीत परत आली.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. विनयपिटकात बिंबिसार राजाची हकिगत आहे. भगवंतांना राहायला जागा कुठली द्यावी याचा राजा विचार करतो. गावापासून फार लांब नको, फार जवळही नको. लोकांना जायला-यायला सोपी पाहिजे. दिवसा गर्दी नको, रात्री गोंगाट नको. असा विचार करून त्यानं वेळुवन दिलं. यात साधा हिशेब आहे. भिक्खू स्वतः स्वयंपाक करत नाही, शेत कसत नाही. सकाळी पात्र घेऊन गावात जायचं, मिळेल ते आणायचं, आणि दुपारी सूर्य डोक्यावर यायच्या आत जेवण आटोपायचं. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. तेव्हा विहार किती लांब असावा हे भिक्खूचे पाय आणि दुपारची वेळ ठरवते. लेणी बघायला जाता तेव्हा नक्षी बघा, खांब बघा, पण खालचं गाव किती लांब आहे तेही बघा. भाकरी कुठून येत होती ते त्यावरून कळतं.

डोंगरावर बसला म्हणून माणूस मोठा होतो असं मात्र नाही. हेही जपानकडूनच शिकावं. क्योतो शहराच्या ईशान्येला हिएई नावाचा डोंगर आहे, उंची ८४८ मीटर. एका अंगाला क्योतो, दुसऱ्या अंगाला बिवा तलाव. सायचो नावाच्या भिक्खूनं ७८८ साली तिथं विहार स्थापन केला. मोठमोठे आचार्य तिथं शिकून गेले. पण पुढं जमीनजुमला वाढला, राजदरबारी वजन वाढलं, आणि भिक्खूंच्या हातात शस्त्रं आली. मनासारखं झालं नाही की हत्यारबंद टोळ्या डोंगर उतरून राजधानीत यायच्या. दुसऱ्या पंथाचे विहारसुद्धा त्यांनी जाळले. शेवटी १५७१ साली ओदा नोबुनागा नावाच्या सरदारानं डोंगराला वेढा घातला, सगळं जाळलं आणि माणसं कापली. आम्ही नोबुनागाची बाजू घेत नाही. बायका-लेकरंही त्यात मेली. पण ज्या डोंगरावरून शहराचं दुःख बघायचं, तिथून शहराला धाक दाखवायला सुरुवात झाली की काय होतं, त्याची ही हकिगत आहे. ती सांगायचं कारण आपल्या सहलीत घडलं.

धाराशिव लेणं तुम्हा सर्वांच्या माहितीचं आहे. शहराजवळच, बालाघाटाच्या रांगेत, एका घळीच्या काठानं कोरलेलं. शहराला उस्मानाबाद म्हणत होते तेव्हाही लेण्याला लोक धाराशिव लेणंच म्हणत. २०२३ साली शहराला आणि जिल्ह्याला नाव मिळालं, लेण्याला ते मागावं लागलं नाही. एकूण सात लेणी. बरीच पडझड झाली आहे. दुसरं लेणं सगळ्यांत मोठं. आतला मंडप सुमारे ऐंशी फूट लांब आणि जवळपास तेवढाच रुंद. आपल्या विहाराचं सभागृह त्यात किती वेळा बसेल ते पोरांनी पावलांनी मोजलं, सहा वेळा बसतं म्हणाले. भोवतीनं भिक्खूंच्या खोल्या आणि समोर गाभारा. गाभाऱ्यात पद्मासनात बसलेली मोठी मूर्ती.

ही मूर्ती कोणाची, लेणी कोणाची, यावर विद्वानांत वाद आहे. जेम्स बर्जेस या साहेबानं १८७५-७६ च्या हंगामात आपल्या भागाची पाहणी केली. त्यानं ही लेणी जैन मानली. पुढं आपल्याच महाराष्ट्रातले पुरातत्त्ववेत्ते मधुकर ढवळीकर यांनी मांडलं की ही लेणी मुळात बौद्ध आहेत. अजिंठ्याला वाकाटकांच्या काळात जे विहार कोरले गेले त्याच धर्तीची, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची, आणि नंतरच्या काळात ती जैनांकडं गेली. जैनांकडंही पुरावा आहे. कनकामर मुनींचं 'करकंडचरिउ' नावाचं अपभ्रंश भाषेतलं काव्य आहे, जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचं. त्यात तेरापूर, म्हणजे आपलं तेर, त्याच्या जवळच्या डोंगरातलं लेणं आणि त्यातली पार्श्वनाथाची मूर्ती यांचं वर्णन येतं. म्हणजे निदान तेव्हापासून जैन लोक या डोंगराला आपला मानत आले आहेत.

आमचं मत विचाराल तर आम्हाला ढवळीकरांचं म्हणणं पटतं. अजिंठा पाहिलेल्या माणसाला तो मंडप, त्या खोल्या, तो गाभारा ओळखीचा वाटतो. पण मत पटणं वेगळं आणि सातबारा नावावर होणं वेगळं.

तेरचीच गोष्ट घ्या. तेरला त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं, आणि मागची बाजू गोल, कार्ल्याच्या चैत्यासारखी. ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं असं हेन्री कझेन्स यांनी दाखवून दिलं. तेरला उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले. आज त्या देवळात विष्णूची मूर्ती आहे आणि लोक हात जोडतात. त्यांनी हात जोडले म्हणून त्या विटा जागेवर राहिल्या. नाहीतर कुणीतरी घराच्या पायाला नेल्या असत्या, हे आपल्या मराठवाड्यात सांगायला पुरावा लागत नाही.

तेरचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगूनच टाकतो, आमच्या धंद्यातली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं समुद्रव्यापाराची माहिती देणारं पुस्तक लिहिलं. त्याला पेरिप्लस म्हणतात. त्यात तेरचं नाव आहे, तगर म्हणून. पैठण आणि तगर इथून गाड्या भरून माल भडोच बंदराला जायचा, असं तो लिहितो. आणि तगरहून काय जायचं? कापड. साधं जाडंभरडं कापड पुष्कळ, आणि तलमसुद्धा. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातलं सूत जहाजात बसून परदेशी गेलं. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक बाहुली आहे. तशीच एक इटलीत पॉम्पेईला सापडली. ज्यांनी संग्रहालय पाहिलं नसेल त्यांनी पुढच्या वेळी वाट वाकडी करून पाहावं. ते कापड कोणी विणलं, कोणी रंगवलं, त्यांची नावं कुठंच नाहीत. भिक्खूंच्या पात्रात भाकरी टाकणारांची नावंही नाहीत. आम्ही चाती फिरवणारी माणसं, आम्हाला तिकडंच आधी बघावंसं वाटतं.

बरं, सहलीचं सांगतो. आपण दोन टेम्पो करून गेलो होतो. बुद्धवंदना झाली, लेकरांनी खोल्या मोजल्या. तेवढ्यात एक जैन कुटुंब दर्शनाला आलं. एक वयस्क गृहस्थ, सून, दोन लहान मुलं. त्यांनी गाभाऱ्यासमोर हात जोडले. आपल्यातल्या काही तरुणांनी मोठ्यानं सुरू केलं, हे बुद्धाचं लेणं आहे, दुसऱ्याची पूजा इथं चालणार नाही. घोषणा झाल्या. एकाच्या पिशवीत निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश होता, तो बाहेर निघाला. भिंतीवर नाव घालायचं ठरवूनच ही मुलं आली होती. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. नातवाला जवळ ओढून उभे राहिले. आपली माणसं दुसऱ्याच्या दारात अशीच उभी राहायची, ती पाहिलेली डोळ्यांपुढं आली.

रिंग फ्रेमवर धागा तुटला तर सबंध फ्रेम बंद करत नाहीत. तेवढी चाती थांबवायची, धागा जोडायचा, पुढं सरकायचं. आम्ही कोणावर ओरडलो नाही. डबा ज्याच्या हातात होता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, चल, आधी वर जाऊन येऊ. तो निघाला तसे बाकीचेही मागं आले.

लेण्यावरच्या माथ्यावर गेलं की वारा लागतो. खाली शेतं, लांब शहर, पाण्याच्या टाक्या, पत्र्यांवर चकाकणारं ऊन. आम्ही मुलांना म्हटलं, आपली वस्ती शोधा. त्यांना वेळ लागला नाही, विहाराचा झेंडा त्यांनी बरोबर हेरला. मग म्हटलं, आता जुनं गाव दाखवा. तेही दाखवलं. या दोहोंच्या मध्ये आता दुकानं आहेत, कॉलन्या आहेत. पण जुनं गाव कुठं संपत होतं आणि आपली घरं किती अंतर सोडून सुरू होत होती, ते आम्ही त्यांना बोटानं दाखवलं. डोंगरावरून माणसामाणसांतला भेद दिसत नाही असं भाषणांत ऐकायला मिळतं. आम्हाला तो तिथून जास्त स्वच्छ दिसतो. गावाच्या आत फिरताना भिंती आड येतात, वरून सगळी रेघ एकदम दिसते. विहीर कुठं होती, तिथवर आपल्या बायका घागर घेऊन जायच्या आणि कोणी वाढीपर्यंत लांब उभ्या राहायच्या, तेही दाखवलं.

मग त्यांना बाबासाहेबांची १९३४ ची हकिगत सांगितली. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे. तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन ते वेरूळची लेणी बघायला निघाले होते. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासानं अंग धुळीनं भरलेलं, म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर काहींनी तोंड-हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान गृहस्थ ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? आमच्यातला कोणी मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? तेव्हा ते गप्प झाले. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ती अट पाळली जाते का हे बघायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. ज्यांच्या हातून पुढं देशाची घटना लिहिली गेली, त्यांनी तो डोंगरी किल्ला मागं शिपाई घेऊन पाहिला.

वेरूळचीही एक गोष्ट तेव्हाच सांगितली. तिथल्या दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांना आजूबाजूचे लोक 'धेडवाडा' म्हणत. पाच नंबरच्या लांबलचक लेण्याला 'महारवाडा' हे नाव आहे. आपल्या धाराशिवच्या डोंगरातल्या एका लेण्यालाही 'चांभार लेणं' म्हणतात. काही वक्ते यावरून सांगतात की बघा, आपणच मूळचे बौद्ध असल्याचा हा पुरावा. आम्ही एवढं म्हणणार नाही, तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. पण ओसाड पडलेली, वटवाघळांची, कोणी जात नाही अशी जागा दिसली की तिला महारवाडा म्हणायचं लोकांना सुचलं, हे मात्र त्यावरून नक्की सिद्ध होतं. एका जागेवर दुसऱ्यानं येऊन नाव लावलं की काय वाटतं, ते आपल्याइतकं कोणाला कळणार?

उत्तरेकडं हात करून कसबे तडवळ्याची दिशा दाखवली. १९४१ साली २२ आणि २३ फेब्रुवारीला बाबासाहेब तिथं महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वतनाच्या नावाखाली चाललेल्या वेठीचा विषय होता. म्हणजे कष्ट कोणाचे आणि जमिनीवर नाव कोणाचं, हाच विषय. बालाघाटाच्या या रांगेवर पाऊस पडतो तेव्हा एका उताराचं पाणी तेरणेतून मांजरेला आणि पुढं गोदावरीला जातं, दुसऱ्या उताराचं सीनेतून भीमेला आणि कृष्णेला. शाळेत हे नकाशावर शिकवतात, पण मुलांना ते माथ्यावर उभं राहून पहिल्यांदा पटलं. एक जण म्हणाला, काका, थेंब पडतो त्याला तरी कुठं ठाऊक असतं कुठल्या बाजूला जायचं. आम्ही म्हटलं, थेंबाला नसतं, तुला आहे.

पाऊण तासानं खाली उतरलो. डबा उघडला गेला नाही. त्या रंगानं पुढं आपल्या विहाराच्या खिडक्या रंगवल्या, आज बघताय त्या त्याच. खाली बघतो तर आपल्या आजी आणि त्या कुटुंबातली सून झाडाखाली बसलेल्या. आजी वर आल्याच नव्हत्या, गुडघे. आजींनी त्यांना भाकरी आणि ठेचा पुढं केला. भाकरी त्यांनी घेतली. ठेच्यात लसूण होता म्हणून तो घेतला नाही, आणि आजींना त्याचं फार वाईट वाटलं. आमच्या पोरांना त्यांच्याकडून शेंगदाण्याचे लाडू मिळाले. तेवढ्यानं काही वाद मिटला असं आम्ही म्हणत नाही.

कारण वाद मिटलेला नाही. समितीच्या बैठकीत यावर शब्दाला शब्द झाला. काहींचं म्हणणं असं की आपण नेहमी समजुतीनंच घ्यायचं का? बोधगयेच्या महाविहारासाठी आपण आंदोलन करतो, मग इथं गप्प का? ही मंडळी इथं बसलेली आहेत आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. आमचं उत्तर असं आहे. बोधगयेचं व्यवस्थापन एका कायद्यानं चालतं, १९४९ च्या. तो कायदा बदला ही मागणी आहे, सरकारकडं आहे, उघड आहे. इथं आपल्यासमोर कोण होतं? नातवाला घेऊन आलेला एक म्हातारा. सरकारशी भांडायचं त्या आवाजात त्याच्याशी बोलायचं नसतं. आणि पुरातन वास्तूवर रंग फासला की कायद्यानं गुन्हा आपल्यावर, दगड खराब होतो तो वेगळाच. उद्या कोणी अभ्यासक भिंतीवर काही शोधायला आला तर त्याला आपला रंग सापडेल.

आपण करण्यासारखं आहे ते वेगळं. पुरातत्त्व खात्याला अर्ज तयार केला आहे. लेण्याजवळ माहितीचा मोठा फलक लावा, त्यात बर्जेस काय म्हणाले, ढवळीकर काय म्हणाले, करकंडाच्या काव्यात काय आहे, हे तिन्ही मराठीत लिहा. बसायला सावली आणि प्यायला पाणी, आणि म्हाताऱ्या माणसांना धरून चढता येईल असा कठडा. या अर्जावर सह्या गोळा करायच्या आहेत. आपल्या वस्तीच्या सह्या तर होतीलच. जैन समाजाच्या लोकांकडंही अर्ज घेऊन जायचं ठरलं आहे, आणि ज्याच्या पिशवीत डबा होता तो मुलगा त्यासाठी बरोबर येणार आहे. तो तयार झाला, कुरकुरत झाला, पण झाला.

२०१५ साली जपानच्या कोयासान डोंगरावरच्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला. तिथं विहारांची परंपरा बाराशे वर्षांची आहे. आपल्याला तिथं जायला मिळेल न मिळेल, पगारात आणि पेन्शनीत ते बसत नाही. धाराशिव लेण्याला टेम्पोचं भाडं माणशी फार पडत नाही.

तेव्हा सूचना ऐका. वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी पुन्हा जायचं आहे. टेम्पो सकाळी सहाला विहारासमोरून निघेल, थांबणार नाही. नावं कोषाध्यक्षांकडं द्यावीत. भाकरी आणि पाणी ज्यानं त्यानं आणायचं. ठेचा लसणाचा आणि बिनलसणाचा असा दोन प्रकारचा करायचं महिला मंडळानं ठरवलं आहे. दोन झाडू आणि चार पोती लागतील, प्लॅस्टिक गोळा करायला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खाली सतरंजी टाकू. बाकीच्यांनी माथ्यापर्यंत यायचं आहे. अर्जाचे कागद दाराशी टेबलावर ठेवले आहेत, जाताना सही करून जा. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅडही ठेवला आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.